साबणातला धातू



बोअरच्या पाण्यात साबण कितीही चोळला तरी फेस धरत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट, चिकट साका बसतो. आपण तो खरवडून टाकतो. पण हा साकासुद्धा साबणच आहे, त्यातला धातू तेवढा बदललेला आहे.

तेल कॉस्टिक सोड्याबरोबर उकळलं की ग्लिसरीन सुटं होतं आणि तेलातली मेदाम्लं सोडियमशी जोडली जातात. तेल आणि क्षार नुसते एकत्र आले की साबण होतो, अशी समजूत पुष्कळ काळ होती. 1811 मध्ये पॅरिसच्या मिशेल शेव्हरल यांच्याकडे डुकराच्या चरबीचा साबण तपासायला आला. त्यातून त्यांना आम्लधर्मी स्फटिक मिळाले आणि मग त्यांनी चरबीचा पिच्छाच पुरवला. 1823 च्या त्यांच्या ग्रंथानं मेदाम्लांच्या रसायनशास्त्राचा पाया घातला. मला हे काम फार मोठं वाटतं. रोजच्या वापरातल्या वस्तूकडे इतक्या चिकाटीनं पाहणारे विरळाच.

कोणतं मेदाम्ल, यावर साबणाचा पोत ठरतो. खोबरेलात बारा कार्बनचं लॉरिक आम्ल भरपूर असतं. त्याचा साबण झटकन फेसाळतो, खाऱ्या पाण्यातही. अठरा कार्बनच्या स्टिअरिक आम्लाचा साबण कडक होतो आणि हळूहळू झिजतो. म्हणून कारखानदार तेलांचं मिश्रण करतात. आपल्याकडे अंघोळीच्या साबणाची प्रतही वेष्टनावरच्या टीएफएम या आकड्यावरून, म्हणजे त्यातल्या एकूण मेदाम्लांवरून ठरते. पहिल्या प्रतीला किमान 76 टक्के लागतात. ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वडीला 40 टक्केही पुरतात. विकत घेण्याआधी वेष्टन जरूर वाचा.

पण साबणाची जात ठरते ती धातूवरून. सोडियम असेल तर घट्ट वडी. पोटॅशियम असेल तर मऊ साबण, दाढीच्या क्रीममध्ये असतो तसा. हे दोन्ही पाण्यात विरघळतात. जड पाण्यातलं कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम सोडियमच्या जागी आलं, की न विरघळणारा साबण तयार होतो. तोच तो साका. धुण्याला तो निरुपयोगी असला, तरी उद्योगात त्याच्या भाऊबंदांना मोठा मान आहे. औषधाच्या गोळ्या करताना भुकटी यंत्राला चिकटू नये म्हणून तिच्यात किंचित मॅग्नेशियम स्टिअरेट मिसळतात. काही गोळ्यांच्या वेष्टनावरच्या घटकांत ते नाव सापडतं. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी: ॲल्युमिनिअमच्या साबणानं पेट्रोल दाट होतं, आणि 1942 मध्ये हार्वर्डमध्ये लुई फीझर यांच्या गटानं याच गुणावर नेपाम हे अंगाला चिकटून जळणारं, बॉम्बमध्ये भरायचं मिश्रण घडवलं. या रसायनाचा याहून क्रूर उपयोग मला माहीत नाही.

लिथियमच्या साबणाशी आपला संबंध जवळचा आहे. एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून जे मेदाम्ल मिळतं, ते लिथियमशी जोडलं की त्या साबणाचे बारीक तंतू खनिज तेलाला स्पंजासारखे धरून ठेवतात. हेच ग्रीस. दीडशे अंश तापलं तरी ते ओघळत नाही आणि पाण्यानं सहज धुऊनही जात नाही, म्हणून ट्रकच्या चाकांच्या बेअरिंगांत तेच भरतात. आणि जगात सर्वांत जास्त एरंडी पिकते ती भारतात, त्यातही मुख्यतः गुजरातेत.