परदेशांतील नोकरी आणि पगारी रजेचा हक्क



गेल्या एप्रिलांत माझी एक जुनी विद्यार्थिनी मला भेटावयास आली. परिचारिकेचें शिक्षण पुरें करून ती जर्मनींत गेली आहे आणि स्टुटगार्ट शहराजवळच्या एका रुग्णालयांत काम करते. वांकून नमस्कार झाला, खुशालीच्या चार गोष्टी झाल्या, आणि मग ती एकदम म्हणाली, "सर, आजीला शेवटचें भेटतां आलें नाहीं." आजी डिसेंबरांत वारली होती. दुखणें नोव्हेंबरांतच बळावलें होतें आणि घरच्यांनीं 'येऊन जा' म्हणून कळविलेंहि होतें. परंतु मुलीची नोकरी 1 सप्टेंबरची. पहिले सहा महिने रजा मागावयाचीच नसते, असें तेथें कोणींसें तिला सांगितलें होतें. म्हणून तिनें ती मागितलीच नाहीं.

मीं तिच्याजवळचा करार मागून घेतला. सोबत इंग्रजी भाषांतर होतें. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्यामुळें कागद सावकाश वाचण्याची संवय मला आहे. करारांत वर्षाला 30 दिवस पगारी रजा लिहिली होती, आठवडा पांच दिवसांचा होता. म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांचे दहा दिवस त्या वर्षींच तिच्या नांवावर होते. ते नोव्हेंबरांत मिळालेच असते असें मी म्हणत नाहीं. मागतां आले असते, एवढेंच. तिची समजूत कोठें चुकली, तें आज आपणांस सांगावें असें मनांत आहे. आपल्या घरांतून अशीं मुलें-मुली आतां नित्य बाहेर जात आहेत. मुंबई व स्टुटगार्ट हीं 1968 पासून भगिनी-नगरें मानलीं जातात, आणि 2024 सालीं महाराष्ट्र शासनानें ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्या राज्याची स्टुटगार्ट ही राजधानी आहे.

पगारी रजा ही कल्पना फार जुनी नव्हे. 1936 सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें एक वर्षाच्या नोकरीनंतर किमान सहा दिवस पगारी रजा असावी असा ठराव संमत केला. त्याच वर्षीं फ्रान्सनें आपल्या कामगारांस दोन आठवडे दिले. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्यानें दर 20 दिवसांच्या कामामागें एक दिवस हें माप घातलें. या मापामागें 'आधीं वर्षभर राबा, मग रजा घ्या' असा विचार आहे. तो आपल्या हाडींमाशीं इतका खिळला आहे, कीं परक्या देशाचा कायदा वाचतांनाहि आपण तोच त्यांत वाचतों.

जर्मनीचा रजेचा कायदा 1963 सालचा. त्या वेळीं किमान 15 दिवस होते. 1995 पासून ते 24 झाले. आतां पहिली गफलत येथेंच होते. कायद्यांत 24 लिहिले आहेत आणि कोणाच्या करारांत 20 दिसले, कीं तो म्हणतो मालकानें फसविलें. वस्तुतः कायद्यांतील दिवस 'वेर्कटाग' आहेत, म्हणजे रविवार व सरकारी सुट्या वगळून उरलेले. शनिवार त्यांत धरलेला आहे. कायदा सहा दिवसांच्या आठवड्यावर बेतलेला असल्यामुळें पांच दिवसांच्या आठवड्यास 20, चार दिवसांच्यास 16, तीन दिवसांच्यास 12. कोणत्याहि मापानें मोजा, चार आठवडेच भरतात. याखालीं कोणासहि जातां येत नाहीं; करारानें अधिक देतां येतात, आणि पुष्कळ ठिकाणीं ते 28 किंवा 30 असतात. सरकारी सुट्या यांहून निराळ्या. त्या राज्याराज्यांत भिन्न आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्गांत त्या वर्षाला 12 आहेत.

आतां त्या सहा महिन्यांविषयीं. कायद्यांत 'वार्टेत्साइट' असा शब्द आहे. शब्दशः अर्थ प्रतीक्षेचा काळ. नोकरीस सहा महिने झाल्यावर वर्षाच्या संपूर्ण रजेचा हक्क उत्पन्न होतो, असें तें कलम आहे. 'संपूर्ण' हा त्यांतला महत्त्वाचा शब्द. ऐकणारा नेमका तोच गाळतो. ज्याचे सहा महिने त्या वर्षांत पुरे होत नाहींत, त्याला प्रत्येक पुऱ्या महिन्यामागें वार्षिक रजेचा बारावा भाग मिळतो. सहा महिन्यांच्या आंत नोकरी सुटली तरी हाच हिशेब. अपूर्णांक आला व तो अर्ध्या दिवसाचा किंवा अधिक असला तर पुरा दिवस धरावयाचा. वीस दिवसांच्या चार-बारांशाचे साडेसहाहून थोडे अधिक होतात, म्हणून सात. बहुतेक करारांत पहिले सहा महिने उमेदवारीचेहि असतात आणि त्या काळांत दोन आठवड्यांच्या सूचनेनें नोकरी सुटूं शकते. दोन्ही मुदती सारख्याच असल्यामुळें त्या लोकांच्या मनांत एकमेकींत मिसळतात आणि 'उमेदवारींत रजा नाहीं' अशी अफवा जन्मास येते. कायद्यांत असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

गणिताच्या मास्तराला मौज वाटावी असा एक प्रकार येथें आहे. 30 जूनला रुजू झालेल्याचे सहा महिने 29 डिसेंबरला भरतात, म्हणून त्या वर्षाची सारी रजा त्याची. 1 जुलैला रुजू झालेल्याचे 31 डिसेंबर सरतांना भरतात. त्या वर्षांत पुरा हक्क उभा राहण्यास एक क्षणहि उरत नाहीं, म्हणून त्याला निम्मी. तेथील सर्वोच्च कामगार न्यायालयानें 2015 सालीं असाच निर्णय दिला. रुजू होण्याची तारीख आपल्या हातीं असली तर एवढें ध्यानांत घ्यावें.

रजा केव्हां घ्यावयाची याविषयीं मालकानें नोकराची इच्छा विचारांत घेतली पाहिजे. कामाची तातडीची अडचण असली, किंवा ज्याची गरज अधिक अशा सहकाऱ्याचा अर्ज आधीं विचारांत घेणें प्राप्त असलें, तरच नकार. शाळेच्या सुट्यांत मुलेंबाळें असणाऱ्यांस पुष्कळदां अग्रक्रम मिळतो तो यामुळें. एकट्यानें गेलेल्या तरुणानें त्याबद्दल मनांत अढी धरूं नये. पण निदान दोन आठवडे सलग मिळावे अशी कायद्याची दृष्टि आहे, आणि हिंदुस्थानांत येऊन जावयाचें तर त्याखेरीज भागतहि नाहीं.

आपल्याकडील एक संवय मात्र विमानांत चढण्यापूर्वीं सोडून दिलेली बरी. आपण रजा सांठवितों. अमुक दिवस शिल्लक आहेत हें आपण बँकेंतील ठेवीसारखें सांगतों, आणि निवृत्तीच्या वेळीं त्यांचे पैसे करतों. मीं स्वतः तेंच केलें. जर्मनींत किमान रजेचे पैसे नोकरी संपली तरच होतात, एरवीं नाहीं. रजा त्या वर्षींच घ्यावयाची. कामाची किंवा स्वतःची कांहीं अडचण असल्यास ती पुढील वर्षाच्या 31 मार्चपर्यंत जाते. रजेच्या हेतूस बाधा येईल असें दुसरें पोटापाण्याचें काम त्या दिवसांत करावयाचें नाहीं, असाहि निर्बंध आहे. विश्रांति घेणें हें तेथें जवळजवळ कर्तव्य मानलें आहे, हें आपल्याला थोडें चमत्कारिक वाटतें. तथापि मालकालाहि एक कर्तव्य आहे. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें 6 नोव्हेंबर 2018 रोजीं ठरविलें कीं, तुझी इतकी रजा शिल्लक आहे, ती न घेतल्यास बुडेल, असें मालकानें नोकराला स्पष्ट व वेळेवर सांगितलेलें असलें पाहिजे. एरवीं ती आपोआप बुडत नाहीं. पुढच्या फेब्रुवारींत जर्मन न्यायालयानें हाच अर्थ स्वीकारला.

रजेवर घरीं आल्यावर आजारी पडलें तर? डॉक्टरांच्या प्रमाणपत्रानें सिद्ध झालेले आजाराचे दिवस रजेंतून वजा होत नाहींत. मात्र परदेशांत असलों तर आजार व आपला पत्ता ताबडतोब कळवावा लागतो. शिवाय, वांचलेले दिवस स्वतःच मागें जोडून मुक्काम लांबवितां येत नाहीं. प्रकृति बरी असेल तर ठरल्या तारखेस हजर व्हावयाचें आणि ते दिवस मग नव्यानें मागावयाचे. या एका बाबतींत चूक झाली तर ती नोकरीवर बेतूं शकते.

अन्य देशांत काय, असें कोणी विचारील. सगळे सांगावयास वेळ नाहीं. इंग्लंडांत 5.6 आठवडे आहेत, पण सरकारी सुट्या त्यांतच धरण्याची मालकाला मुभा आहे. संयुक्त अरब अमिरातींत वर्ष भरल्यावर 30 दिवस, मात्र ते सलग तारखांचे. सहा महिने झाल्यावर वर्ष भरेपर्यंत महिन्यास दोन दिवस. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यांत खाजगी नोकरांसाठीं पगारी रजेची सक्तीच नाहीं. तेथें बहुतेक ठिकाणीं करारांत जें लिहिलें तेंच खरें. म्हणून सही करण्यापूर्वीं चार प्रश्न लेखी विचारावे: दिवस कोणत्या मापाचे, सुट्या त्यांत कीं निराळ्या, पहिल्या वर्षाचा हिशेब कसा, आणि उरलेल्यांचें काय. विचारल्यानें कोणी नोकरी काढून घेत नाहीं. आपलीं मुलें परक्या ठिकाणीं विचारावयास लाजतात. त्यांत आम्हां मास्तरांचाहि थोडा दोष असावा, कारण वर्गांत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आम्हींच पुष्कळदां 'खालीं बैस' म्हटलें आहे.

त्या मुलीचे दहा दिवस तरी जाऊं नयेत, असें मला वाटलें. पहिल्या वर्षाचा असा तुटका भाग नोकरानें मागणी केल्यास पुढील संपूर्ण वर्षांत नेतां येतो, मार्चपर्यंतच नव्हे, अशी कायद्यांत तरतूद आहे. तिनें मागणी केली नव्हती. पण कार्यालयानेंहि तिला रजेविषयीं एक अक्षर लिहून कळविलें नव्हतें. आम्ही दोघांनीं बसून सरळ, नम्र असें पत्र तयार केलें. जर्मन तिचें, मुद्दे माझे. जूनमध्यें तिच्या वडिलांनीं येऊन सांगितलें कीं, दहाहि दिवस तिच्या खातीं धरले आहेत. आजीच्या वर्षश्राद्धासाठीं तिनें ते आतांच मागून ठेवले आहेत.