खिडकी उघडते, पण चित्र दिसत नाही



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण यांसारख्या भारदस्त विषयांवर व्याख्याने होतात, तेथे उभे राहून संगणकाच्या पडद्यावरचे एखादे बटण का चालत नाही, एखादे चित्र का उमटत नाही, असल्या फुटकळ गोष्टींविषयी बोलावयाचे म्हणजे थोडा संकोच वाटतो. तरीही चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला. त्याचे कारण प्रथमच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एक विद्यार्थी येत असे. दिवसा दुकानात नोकरी आणि रात्री शिक्षण, असा त्याचा क्रम होता. त्याने पायथॉन भाषेत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर एक खिडकी उघडावी आणि तीत दुकानातल्या मालाचे चित्र दिसावे, एवढीच अपेक्षा. खिडकी उघडली, पण चित्राची जागा कोरी. यंत्राने चूक झाल्याचे चकार शब्दाने सांगितले नाही. बिचाऱ्याने तीन रात्री तोच मजकूर पुन्हा पुन्हा तपासला. अखेर त्याने आम्हांस विचारले. आम्ही घाईत होतो. "टायपिंगची चूक असेल कुठेतरी, पुन्हा पाहा," एवढे बोलून मोकळे झालो. पुढच्या आठवड्यापासून तो यावयाचा थांबला. "हे आपल्या डोक्याचे काम नाही," असे तो मित्राजवळ म्हणाला, हे आम्हांस मागाहून कळले.

त्याच्या मजकुरात टायपिंगची एकही चूक नव्हती. जी होती ती एका ओळीने दुरुस्त होण्यासारखी होती. ती टोचणी मनात आहे म्हणून हा विषय. आपणांपैकी बहुतेकांना प्रोग्राम लिहावयाचे नाहीत हे आम्ही जाणतो; परंतु पुष्कळांच्या घरी कोणी मुलगा, कोणी नात या वाटेला लागलेली असेल, आणि ती कोठे ठेचकाळते हे वडीलधाऱ्यांस ठाऊक असलेले बरे.

पडद्यावर चित्र काढणारा संगणक ही फार जुनी गोष्ट नव्हे. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम पुरा केला. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेषा काढावयाची आणि यंत्राने ती समजून घ्यावयाची, असा तो प्रकार होता. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० साली रीतसर कामाला लागला. त्यालाही आलेख आणि अक्षरे दाखविणारा पडदा जोडलेला होता. पुढे १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'आल्टो' हा खिडक्या आणि माउस असलेला संगणक तयार झाला, आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने ती रीत सामान्य माणसाच्या टेबलावर आणून ठेवली.

या खिडक्यांबरोबर प्रोग्रामचा स्वभावच पालटला, आणि नवशिक्याच्या निम्म्या अडचणींचे मूळ येथे आहे. जुना प्रोग्राम कीर्तनासारखा असे. नमनापासून आरतीपर्यंत एकापुढे एक क्रम ठरलेला. श्रोत्याने मध्ये बोलावयाचे नाही. खिडकीचा प्रोग्राम पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनासारखा असतो. तो फळी उघडतो आणि वाट पाहत बसतो. कोणी तिकीट मागितले की तिकीट, कोणी मनीऑर्डर दिली की पावती. काम झाले की पुन्हा वाट पाहणे. या वाट पाहण्याच्या फेऱ्याला 'इव्हेंट लूप' म्हणतात. शाळेत शिकलेला प्रोग्राम कीर्तनाच्या चालीचा, आणि लिहावयाचा असतो कारकुनाच्या चालीचा. हा फरक सांगितल्यावाचून विद्यार्थ्याला पुढे ढकलणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत लोटण्यासारखेच आहे.

पाहा, यातून कसे घोटाळे होतात. एक विद्यार्थी खिडकी तयार करतो, बटण तयार करतो, आणि फेरा सुरू करण्याची शेवटची ओळ विसरतो. खिडकी क्षणभर चमकून नाहीशी होते, किंवा दिसतच नाही. कारकुनाने फळी उघडली आणि तो सरळ घरी गेला! दुसरा विद्यार्थी बटणाला काम नेमून देतो, पण कामाच्या नावापुढे कंस टाकतो. कंस टाकणे म्हणजे 'हे काम आत्ता कर' असा हुकूम. आचाऱ्याचे नाव देऊन ठेवावयाचे होते, की पाहुणे आले म्हणजे त्याला बोलवा. आपण पाहुण्यांआधीच त्याच्याकडून स्वयंपाक करवून घेतला. परिणामी प्रोग्राम सुरू होताच काम आपोआप एकदा होऊन जाते, आणि पुढे बटण कितीही दाबा, ते मुके.

तिसरा घोटाळा अधिक खोल आहे. बटण दाबले की मोठी फाइल वाचावयाची, किंवा दहा सेकंद थांबून पुढचे चित्र दाखवावयाचे असते. विद्यार्थी ते सारे काम बटणाच्या आज्ञेतच लिहितो. बटण दाबताच खिडकी थिजते, पांढुरकी पडते, आणि विंडोजसारखी प्रणाली काही सेकंदांनी 'हा प्रोग्राम प्रतिसाद देत नाही' अशी पाटी लावते. प्रोग्राम बिघडलेला नसतो. कारकून पार्सल शोधायला गोदामात गेला आहे आणि खिडकीवर कोणीच नाही, एवढेच. खिडकी पुन्हा रंगविण्याचे कामही त्याच कारकुनाचे असते, हे आपण विसरतो. यावर उपाय दोन. कामाचे लहान तुकडे करावे आणि एकेक तुकडा झाला की खिडकीवर परत यावे. नाही तर गोदामासाठी दुसरा माणूस, म्हणजे 'थ्रेड', नेमावा. मात्र त्या दुसऱ्या माणसाने खिडकीला हात लावू नये. आणलेली वस्तू कारकुनाच्या स्वाधीन करावी. हे पथ्य न पाळले तर प्रोग्राम कधी चालतो, कधी कोसळतो, आणि कधीमधी होणारी चूक शोधणे सर्वांत कठीण.

आता त्या विद्यार्थ्याच्या हरवलेल्या चित्राकडे येऊ. पायथॉनमध्ये स्मृतीची साफसफाई आपोआप होते. धर्मशाळेचा रखवालदार जसे धनी नसलेले सामान उचलून नेतो, तसे ज्या वस्तूला कोणी धरून ठेवलेले नाही ती वस्तू भाषा काढून टाकते. त्या विद्यार्थ्याने चित्र एका फंक्शनच्या आत उघडले होते. फंक्शन संपले, त्यातली नावे संपली. म्हणजे उतारू निघून गेला. खिडकी काढणाऱ्या 'टीकिंटर' या साधनाने चित्राचे नाव आपल्या वहीत टिपले होते, पण चित्र स्वतः धरून ठेवले नव्हते. रखवालदाराने सामान नेले आणि जागा कोरी राहिली. नियमाप्रमाणे सर्व यथास्थित झाले, म्हणून चुकीचा संदेशही नाही. उपाय एका ओळीचा: ते चित्र खिडकीतल्या घटकाच्या नावाशी बांधून ठेवावे, म्हणजे त्याला धनी मिळतो. ही ओळ आम्ही त्या संध्याकाळी सांगावयास हवी होती.

आणखी दोन ठेचा थोडक्यात सांगतो. शाळेच्या आलेखात वर जावे तशी उंची वाढते. पडद्यावर मात्र मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, आणि खाली जावे तसा आकडा वाढतो. जुन्या चित्रनळीतला किरण वरून खाली ओळी रेखाटीत येई, त्या रीतीशी हे जुळते. म्हणून नवशिक्याचा डोंगर दरीसारखा उमटतो. त्याने उणे शंभरावर बिंदू काढला तर यंत्र तो पडद्याबाहेर निमूटपणे काढते आणि काहीच बोलत नाही. त्यातही सर्व साधने एकमताची नाहीत. मुलांना शिकवितात त्या टर्टलमध्ये शून्य मध्यभागी असते आणि वर जाणे हेच वाढणे. टर्टलवरून साध्या कॅनव्हासवर आलेला मुलगा गोंधळला तर नवल ते काय?

दुसरी ठेच भागाकाराची. काम किती टक्के झाले हे दाखविणारी पट्टी पुष्कळजण प्रथम करतात. झालेले काम भागिले एकूण काम, गुणिले शंभर; गणित बिनचूक. तरी पट्टी शून्यावरच बसून राहते आणि शेवटी एकदम शंभरावर उडी मारते. सी किंवा जावा या भाषांत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडतो. तीन भागिले दहा म्हणजे शून्य, आणि शून्याला शंभराने गुणले तरी शून्यच. आधी शंभराने गुणून मग भागावे, की पट्टी चालू लागते.

मंडळी, या साऱ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. यंत्राने प्रत्येक वेळी सांगितले तेच केले. आपल्या मनात होते एक आणि लिहिले गेले दुसरे. ही फट शोधणे हेच चूक शोधणे, आणि ती शोधण्याची रीत शिकविता येते.

पहिली पायरी, संदेश आला असेल तर तो वाचावा. मराठी माध्यमातून आलेली पुष्कळ मुले लाल इंग्रजी अक्षरे पाहताच खिडकी बंद करतात. त्यांना एवढेच सांगावे की पायथॉनचा संदेश खालून वाचावा: शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार, तिच्या वर ओळीचा क्रमांक. 'नेमएरर' म्हणजे हे नाव मला ठाऊक नाही. बहुधा स्पेलिंग चुकलेले असते. असे पाच-सात शब्द समजले की निम्मे भय जाते.

दुसरी पायरी, प्रोग्राम लहान करावा. प्रत काढून ठेवावी आणि अर्धा मजकूर बाजूला सारावा. चूक राहिली तर ती उरलेल्या अर्ध्यात. गेली तर सारलेल्या अर्ध्यात. दर वेळी असे करता आले तर हजार ओळींतली चूक दहा वेळा अर्धे करून हाती लागते. तिसरी पायरी, एका वेळी एकच बदल करावा, आणि मधले आकडे पडद्यावर छापून पाहावे. आमच्या विद्यार्थ्याने चित्राची ओळ फंक्शनमधून उचलून बाहेर ठेवून पाहिली असती, तर चित्र तत्काळ दिसले असते आणि कारणाचा धागा हाती आला असता. त्याच्याजवळ बुद्धी होती; रीत आम्ही दिली नव्हती.

चौथी पायरी, विचारताना तीन वाक्ये बोलावी: मी हे केले, मला हे होईल असे वाटले, आणि प्रत्यक्षात हे झाले. "चालत नाही" हे सांगणे डॉक्टरला "बरे नाही" एवढेच सांगण्यासारखे आहे. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विचारताच दुरुस्ती सुचवितात. पुष्कळदा ती बरोबरही असते. पण तिलाही ही तीन वाक्ये लागतात, आणि मिळालेली दुरुस्ती का लागू पडली हे न समजता जो पुढे जातो, तो दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर ठेचाळतो.

शेवटी एक सांगावेसे वाटते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. चालविणाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याआधीची. १८७८ सालच्या एका पत्रात एडिसननेही तो शब्द वापरला आहे. १९४९ साली केंब्रिजमध्ये 'एडसॅक' हा संगणक चालू करणारे मॉरिस विल्क्स यांनी आठवणींत लिहून ठेविले आहे की, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्रामांतल्या चुका शोधण्यात जाणार, याची जाणीव त्यांना एका क्षणी स्पष्टपणे झाली. ज्यांनी यंत्र बांधले त्यांची ही कथा. मग आपल्या घरच्या पोराची खिडकी कोरी राहिली म्हणून त्याने स्वतःला मंद का समजावे? चूक होणे हे या धंद्यातले रोजचे काम आहे, हे पहिल्या दिवशीच सांगण्याची जबाबदारी शिकविणाऱ्याची.

तेव्हा आपली एवढीच विनंती की, घरात कोणी रात्री कोऱ्या खिडकीपुढे बसलेले दिसले, तर "जमत नसेल तर सोड" असे म्हणू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "तू काय केलेस, काय व्हायला हवे होते, आणि काय झाले?" आपणांस त्यातले एक अक्षर कळले नाही तरी चालेल. सांगता सांगता पुष्कळदा त्यालाच उत्तर सापडते. आम्ही त्या संध्याकाळी दोन मिनिटे बसलो असतो, तर आज कदाचित या जागी तो उभा राहून बोलत असता.