फवारणीचा रुग्ण आणि नवे संशोधन





झरी जामणी तालुक्यातले मुकुटबन हे गाव बाहेरच्यांना कोळसा आणि सिमेंटमुळे माहीत आहे. पण इथल्या कोलामांच्या पोडावरून, वस्तीवरून आपल्या दवाखान्यांत येणारा रुग्ण कपाशीच्या शेतातला असतो. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. म्हणून मेडिसिनमधल्या नव्या संशोधनावर ही परिषद घ्यायचे ठरले, तेव्हा पहिले सत्र विषबाधेलाच द्यावे असा स्वागताध्यक्ष म्हणून माझा आग्रह होता.

ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेवरचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या बारामतीचा आहे. तिथल्या २०० रुग्णांवरचे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले : पाम (प्रॅलिडॉक्सिम) या उताऱ्याची मोठी मात्रा ४८ तास सलग दिली, तर मृत्यू कमी होतात. २००९ साली श्रीलंकेत २३५ रुग्णांवरच्या अभ्यासात मात्र पामचा फायदा दिसला नाही. हा वाद आज वक्ते उलगडतीलच. ॲट्रोपिन या दुसऱ्या उताऱ्याबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. बांगलादेशातल्या एका अभ्यासात त्याची मात्रा दर पाच मिनिटांनी दुप्पट करत, छाती मोकळी झाल्यावर इन्फ्युजन लावले. मृत्यूचे प्रमाण जुन्या पद्धतीतल्या २२.५ टक्क्यांवरून ८ वर आले. हे लहान दवाखान्यातही जमण्यासारखे आहे.

पण हे अभ्यास मुख्यतः विष प्यालेल्या रुग्णांवरचे आहेत. आपला रुग्ण पाठीवर पंप घेऊन दिवसभर ओल्या सदऱ्यात फिरलेला असतो. विष कातडीतून आणि श्वासातून गेलेले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, आणि कोणते औषध फवारले ते सोबतच्यांनाही सांगता येत नाही. त्याच्यावरचे संशोधन फार तोकडे आहे. ते आपणच करायला हवे. आणि ते जमू शकते : महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्रॅझोसिन वापरून त्याचे निष्कर्ष जगापुढे मांडले, ते कोकणातल्या गावखेड्यातल्या रुग्णांच्या बळावर.

दुपारी एक पानी नोंदपत्रक वाटणार आहोत. फवारणी किती तास केली, डब्यावर नाव काय, कपडे काढून साबणाने अंग कधी धुतले, ॲट्रोपिन किती लागले, एवढेच त्यात भरायचे आहे. येत्या मोसमापासून ते प्रत्येक रुग्णाचे भरावे आणि रिकामा डबा सोबत आणायला नातेवाइकांना आवर्जून सांगावे, ही कळकळीची विनंती.