देशमुखी : एका किताबाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा गोषवारा)

'देशमुख' हे आज आडनाव आहे. लग्नाच्या बोलणीत त्याचा घरंदाजपणा अजूनही मोजला जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र या शब्दात प्रथम महसूल दिसतो. 'देश' म्हणजे येथे परगणा आणि 'मुख' म्हणजे त्याचा प्रमुख. गावात जसे पाटील-कुलकर्णी, तसे परगण्यात देशमुख-देशपांडे. सारा वसूल करून सरकारात भरणे हे देशमुखाचे काम; त्या वसुलातील वंशपरंपरागत वाटा हा त्याचा मोबदला. हा हक्क भावाभावांत वाटला जाई, विकलाही जाई. मुख म्हणजे तोंडही, आणि मराठीत वतन 'खातात' हे आपण जाणताच! हिंदीत वतन म्हणजे मायदेश. आपल्याकडे त्याच शब्दाचा अर्थ पिढीजात हक्क असा झाला.

या किताबाचा मोह छत्रपतींच्या गादीलाही होता. १७१९ साली दिल्लीच्या बादशहाकडून शाहू महाराजांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या सनदा मिळाल्या. त्यांत चौथाईबरोबर सरदेशमुखीही होती. सरदेशमुखी म्हणजे वसुलाचा दहावा हिस्सा, आणि तोही वतनी हक्क म्हणून.

इंग्रजी अमलात सारावसुली सरकारी नोकरांकडे गेली. १८६० नंतरच्या दशकात परगण्याच्या बहुतेक वतनदारांना सेवेतून मोकळे करण्यात आले. उत्पन्नाचा काही भाग सरकारने घेतला, उरलेला त्यांच्याकडेच राहिला. काम गेले, खाणे राहिले!

आता याच्या शेजारी महार वतन ठेवून पाहा. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली देशमुख वतनदार आणि महारही वतनदारच. पण महाराची चाकरी कोणी माफ केली नाही. जमिनीचा लहानसा तुकडा आणि गावाने दिले तर बलुते, एवढ्यावर त्याने रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे काम करावयाचे. तो हजर नसेल तर घरातील दुसऱ्या माणसाने. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच कारणासाठी.

स्वराज्यात परगणा व कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून रद्द झाली. वतनाच्या जमिनी मात्र ठराविक रक्कम भरून घेऊन बहुतांशी त्याच घराण्यांना पुन्हा देण्यात आल्या. चाकरी वाहणाऱ्या महाराच्या वतनाला मात्र १९५८ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.