गिधाडें आणि गोठा

वरंध घाटाच्या पायथ्याची शिवथरची घळ समर्थांच्या दासबोधामुळें घरोघरीं ठाऊक आहे. तेथें जाणारे भाविक धबधबा पाहतात. वर आकाशांत गिधाड फिरतें कीं नाहीं, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.

गुरें राखणाऱ्या डोंगरवाडीला ही चौकशी महत्त्वाची आहे. मेलेलें ढोर गांवाबाहेर टाकावें आणि गिधाडांच्या थव्यानें तासाभरांत त्याचा सांगाडा करावा, अशी ही बिनखर्चाची आरोग्यव्यवस्था होती. १९९० नंतर ती कोसळली. कारण उघडकीस आलें २००४ सालीं: दुखणाइत गुरांना टोचलें जाणारें डायक्लोफिनॅक. असें ढोर लवकरच मेलें व गिधाडानें खाल्लें, कीं पक्ष्याचीं मूत्रपिंडें निकामी होत. त्यांची जागा मोकाट कुत्र्यांनीं घेतली, आणि कुत्र्यांमागून पिसाळरोगाचें भय आलें.

सरकारनें २००६ सालीं हें औषध गुरांकरितां बंद केलें. मेलॉक्सिकॅमसारखें निर्धोक औषध हाताशीं होतें. तरीही माणसांसाठीं निघालेल्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोंचतच राहिल्या. त्यांवर बंदी यावयास २०१५ साल उजाडलें!

महाडच्या सीस्केप संस्थेनें, श्री. प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकारानें, म्हसळा तालुक्यांत चिरगांवीं गिधाडांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें. मादी वर्षाला एकच अंडें घालते. तेव्हां संख्या वाढावयास वर्षें लागतात. शहरांतल्या पक्षिमित्राला दुर्बीण पुरते. येथें मात्र गोठ्याचा धनी राजी झाल्याखेरीज कांहींच होत नाहीं. ढोराला शेवटचें औषध कोणतें दिलें, हें त्यालाच विचारावें लागतें.