लाजेने वाढणारे दुखणे

१८९५ साली डॉ. रखमाबाई सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. परपुरुष डॉक्टरापुढे दुखणे सांगण्यापेक्षा ते मुकाट्याने सोसणे त्या काळी पुष्कळ स्त्रियांना बरे वाटे. आज त्याच शहरात सरकारची व महानगरपालिकेची मोठी रुग्णालये आहेत, स्त्री-डॉक्टरही आहेत. तरीही एका दुखण्याचे नाव घेताना स्त्रियांची मान अजून खाली जाते. बोलीत त्याला ‘अंग बाहेर येणे’ असे म्हणतात.

गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या झोळीचा आधार असतो. अवघड अथवा वारंवारच्या बाळंतपणाने ही झोळी सैल पडते. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ व जड ओझी तिला आणखी ताणतात. विटाळ गेल्यावर ती अधिकच दुबळी होते. खानदेशातून येऊन उधना-लिंबायतच्या वस्तीत राहिलेली एखादी बाळंतीण महिना भरण्यापूर्वीच हंडे-कळशा उचलू लागते. पुढे कंबर ओढल्यासारखी दुखते, लघवी आवरत नाही अथवा साफ होत नाही. ती मात्र लुगड्याच्या आड सारे लपवून कामाला जाते.

वास्तविक या दुखण्यावर उपाय आहेत. आरंभी व्यायामाने बळकटी येते. आतून आधार देणारी कडीही बसविता येते. तेवढ्याने भागले नाही, तर शस्त्रक्रिया करतात. मुलेबाळे झालेल्या प्रौढ स्त्रीचे गर्भाशय बहुधा योनिमार्गानेच काढतात व सैल झालेल्या भिंती शिवून घट्ट करतात. परंतु ज्या तरुणीला अजून मूल हवे आहे, तिने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मुंबईच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. गोव्यातील शिरोडे येथे १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशयाची मान पट्टीने मागे माकडहाडावरील त्रिकास्थीला बांधण्याची रीत काढली. डॉ. पुरंदरे यांनी तीच मान पुढे पोटाच्या भिंतीतील चिवट पडद्याला टांगली. दोन्ही रीतींत गर्भाशय जागच्या जागी राहते. अशा शस्त्रक्रियांत पुढे पॉलिएस्टरच्या पट्ट्या आल्या. सुरतेच्या मागांवर ज्या जातीच्या धाग्याच्या साड्या विणल्या जातात, त्याच जातीचा हा धागा!

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ओझे उचलू नये, हे पथ्य मात्र कसोशीने पाळले पाहिजे. कारण दुरुस्त केलेली झोळी पुन्हा सैल पडू शकते. हे पथ्य पाळणे एकट्या बाईच्या हाती नसते. घरातील पाणी कोणी भरायचे, हे घरानेच ठरवावे लागते.

कर्करोगासारखे हे दुखणे सहसा जिवावर उठत नाही; म्हणूनच ते वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते. पण जीव न जाणे म्हणजे सुखाने जगणे नव्हे. सासूने सुनेला, लेकीने आईला एकदा आपुलकीने विचारावे, ‘काही त्रास होतो का?’ उपचाराची पहिली पायरी तीच होय.