पडलेल्या दाताच्या जागी

आज आपण दातांविषयी बोलू.

आमच्या थोरल्या आत्याला ज्वारीची भाकरी फार प्रिय. वर ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा. पण चाळीस वर्षे तिने सकाळ-संध्याकाळ मिश्री लावली. हिरड्या सुटल्या, दात हलू लागले आणि एकेक करून सगळे गेले. मग भाकरी आमटीत कुस्करून खाऊ लागली. लग्नाकार्यात पंगतीला बसेना. "मला भूक न्हाई," म्हणायची. भूक होती हो! पण चारचौघांत हिरड्यांनी चावायची तिला लाज वाटे.

आम्ही तिला कवळी करून आणली. वरची छान बसली. खालची काही बसेना. बोलताना हलायची, चावताना टोचायची. शेवटी ती डबीत गेली आणि डबी कोनाड्यात.

असे का झाले? दाताचे मूळ जबड्याच्या हाडात रुतलेले असते. बांधावरचे झाड उपटले की पावसात तिथला बांध झिजतो ना? तसेच हाडाचे होते. दात गेला की त्या जागचे हाड हळूहळू झिजते. पहिल्या वर्षात फार झिजते. मग कवळी टेकणार कशावर?

यावर एक इलाज आहे. त्याला इम्प्लांट म्हणतात. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला छोटा स्क्रू, गव्हाच्या दाण्याहून जरा लांब. तो टायटॅनियम नावाच्या धातूचा असतो. हा धातू हलका असतो आणि गंजत नाही.

हा शोध कसा लागला ते ऐका. स्वीडन देशात ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर होते. १९५२ च्या सुमारास ते सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची नळी बसवली होती. काम झाल्यावर नळी काढायला गेले, तर ती निघेचना. हाडाने तिला आपलीच मानून धरून ठेवले होते. दुसरा कोणी असता तर नळी फुकट गेली म्हणून हळहळला असता. यांनी मात्र त्यातून इलाज शोधला. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो माणूस २००६ साली वारला. चाळीस वर्षे त्याने त्या दातांनी खाल्ले.

आत्याला आम्ही दातांच्या कॉलेजात नेले. डॉक्टरांनी फोटो काढून हाड पाहिले, साखर तपासली. म्हणाले, "आजी, खाली सगळे दात वेगवेगळे बसवायला नकोत. दोन स्क्रू पुरे. त्यावर कवळी बटणासारखी अडकेल." आम्हाला हे नवीनच होते. खर्चही पुष्कळ वाचला.

"पण मिश्री सोडावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

आत्या गप्प झाली. पंगत सोडली होती, पण मिश्री सोडणे तिला जड गेले.

इंजेक्शन देऊन जागा बधिर केली. हाडाला बारीक भोक पाडून स्क्रू फिरवून बसवले. दोन दिवस सूज होती. मग वाट पाहायची. हाडाने स्क्रू धरायला तीन ते सहा महिने लागतात. पेरले की लगेच कापणी होते का?

दोन महिन्यांनी एक स्क्रू हलू लागला. डॉक्टरांनी विचारले तेव्हा आत्याने मान खाली घातली. चोरून मिश्री चालूच होती. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम नीट भरत नाही. विडी-सिगारेटचेही तेच. साखर ताब्यात नसली तरी स्क्रू सुटू शकतो. तो काढावा लागला, नवा बसवावा लागला. पैसे गेले, महिने गेले. त्या दिवशी आत्याने मिश्रीची डबी चुलीत टाकली.

आता एक सावधगिरी. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला दात बसवणारे असतात. ते शेजारच्या दाताला मसाला लावून दात चिकटवून देतात. स्वस्त पडते, तासाभरात होते. पण ते इम्प्लांट नव्हे. त्याखाली अन्न कुजते आणि शेजारचे चांगले दातही जातात.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे दाखवावे. किती पैसे पडतील, किती खेपा होतील, हे आधीच विचारावे. रक्त पातळ होण्याच्या किंवा हाडांच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावे. ज्याची कवळी नीट बसते, त्याने उगाच स्क्रूच्या मागे लागू नये. स्क्रूला कीड लागत नाही, पण घाण साचली तर भोवतीचे हाड झिजतेच. रोज घासावे लागते.

आत्या आता पंगतीला बसते, आणि वाढप्याला हाकही मारते. मागे तिने डॉक्टरांना विचारले, "मेल्यावर या स्क्रूचं काय व्हतं?" डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, हा धातू सोळाशे अंशांच्या वर वितळतो. चितेत काही व्हायचं नाही त्याला."

आत्या आमच्याकडे वळून म्हणाली, "मग सावडताना नीट बघा रं. लई पैसं गेल्यात त्यात."